व्हिडिओतला पडणारा काय सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाळेत असताना तीन वर्षं ज्युदो केलात, हिरव्या पट्ट्यापर्यंत पोचलात, मग सुटलं. आता वय सव्वीस, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नोकरी, शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे कुठल्याच क्लासची वेळ जमत नाही. रात्री मोबाईलवर ज्युदोचे व्हिडिओ बघत बसता. त्यातल्याच एका परदेशी प्रशिक्षकाचा आठ तासांचा संच साडेसहा हजारांना मिळतोय, तो घ्यावा का? आणि एकूणच कुठला व्हिडिओ शिकण्यालायक, कुठला नुसता बघण्यालायक, हे कसं ओळखायचं?

मी सोलापुरात बावीस वर्षं मुलामुलींना ज्युदो शिकवते. त्याआधी स्वतः बावन्न किलो गटात खेळले. व्हिडिओला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या काळात कॅसेट मिळाली तर सणासारखं वाटायचं, आणि आजही एखादा डाव नीट बसत नसेल तर मी रात्री जेवण झाल्यावर मोबाईल काढतेच. तेव्हा 'व्हिडिओ बघून काही शिकता येत नाही' असं मी सांगणार नाही. फार सोपं उत्तर आहे ते, आणि खोटंही.

पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. व्हिडिओ चांगला आहे का, हा एक. आणि त्यातलं तुमच्या हाती काही लागेल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर व्हिडिओत नाही, तुमच्या घरात आहे. तुम्हाला सरावाला जोडीदार आहे का, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. पडायला जागा आहे का, तेही नाही. या दोन गोष्टींवर निम्मं उत्तर अवलंबून आहे, त्यावर शेवटी येते. आधी व्हिडिओ.

माझे काका तालमीतले. घरात मुलीनं कुस्ती करायची पद्धत नव्हती, पण बघायला मनाई नव्हती. हौद्याच्या कडेला बसून मी बघायची. एकदा त्यांनी मला विचारलं, आत्ता त्यानं डाव कसा मारला सांग. मी हातवारे करून जिंकलेल्या पैलवानाची नक्कल केली. काका म्हणाले, "पाडणाऱ्याकडं सगळी जत्रा बघतीया. तू पडणाऱ्याच्या पायाकडं बघ, डाव तिथं असतोय." तेव्हा मला ते कळलं नाही. पुढे ज्युदो शिकताना कळलं. ज्युदोत टाकणाऱ्याला तोरी आणि पडणाऱ्याला उके म्हणतात, हे तुम्हाला आठवत असेल. व्हिडिओ पारखायची माझी पद्धत एवढीच: पहिल्या वेळी शिकवणाऱ्याचं ऐका, दुसऱ्या वेळी आवाज बंद करा आणि फक्त उकेकडे बघा.

ओसोतो गारी घ्या, शाळेत शिकलाच असाल. समोरच्याला त्याच्या उजव्या मागच्या कोपऱ्याकडे कलवायचं, आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर टेकवायचा, छातीला छाती भिडवायची आणि उजव्या पायानं त्याचा उजवा पाय मागून झाडायचा. आता व्हिडिओचा वेग पाव करा आणि उकेचं उजवं पाऊल बघा. डाव खरा असेल तर झाडण्याच्या आधी त्याच्या पायाची बोटं मॅटवरून उचललेली दिसतील आणि टाच मॅटमध्ये रुतलेली. सगळं वजन त्या टाचेवर आलेलं असतं, म्हणून तर तो पाय त्याला उचलता येत नाही आणि तुम्हाला झाडता येतो. डाव नुसता दाखवायचा असेल तर उलटं दिसतं. शिकवणाऱ्याचा पाय पोचायच्या आधीच उकेचा पाय हवेत तरंगायला लागलेला असतो. तो पडत नाही, झोपतो.

दुसरी खूण, उकेचा मोकळा हात. ज्याचा तोल खरोखर गेलाय त्याचा हात आधी काहीतरी धरायला जातो, समोरच्याची बाही, खांदा, हवा, काहीही. मग पडताना मॅटवर आपटतो. नुसत्या प्रात्यक्षिकात तो हात आधीपासूनच आपटायच्या तयारीत वर गेलेला असतो. एकदा ही नजर बसली की तुम्हाला दहा सेकंदांत कळेल. मोठ्ठा आवाज होतो, पडणारा गर्रकन फिरतो, खालच्या कॉमेंटमध्ये टाळ्यांचा पाऊस. आणि तो बिचारा उके मनानंच उडी मारून गेलेला असतो.

पण इथेच एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही सगळ्याच शांत व्हिडिओंना खोटं ठरवाल. उके सहकार्य करतोय म्हणजे व्हिडिओ फसवा असं नाही. तोक्योच्या कोदोकाननं, म्हणजे जिगोरो कानो यांनी 1882 साली सुरू केलेल्या ज्युदोच्या मूळ संस्थेनं, स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर डाव एकेक करून दाखवलेत. त्यांच्या यादीत आज उभ्यानं टाकण्याचे 68 आणि जमिनीवरचे 32 असे शंभर डाव आहेत. त्या व्हिडिओंत उके कुठेच झगडत नाही, कारण ते डावाचं शुद्ध रूप दाखवायला काढलेत. बाराखडी गिरवायच्या पाटीसारखे. ते तसं सांगूनच दाखवतात. वाद येतो तो 'रस्त्यावर कुणालाही असा लोळवा' म्हणत असलाच गुळगुळीत उके वापरणाऱ्यांबद्दल. म्हणून आधी बघा, व्हिडिओ दावा काय करतोय: रूप दाखवतोय, सराव कसा करायचा ते सांगतोय, की हे झुंजीत चालतं म्हणतोय? झुंजीत चालतं म्हणत असेल तर त्याच डावाची झुंज दिसली पाहिजे. रांदोरीतली, म्हणजे सरावातल्या मोकळ्या लढतीतली चालेल, स्पर्धेतली असेल तर उत्तम, शिकवणाऱ्याच्या विद्यार्थ्याची असेल तर सर्वांत उत्तम. स्वतःला जमणं वेगळं आणि दुसऱ्यात उतरवणं वेगळं. एखाद्याचे तीन-चार विद्यार्थी वेगवेगळ्या अंगकाठीचे असून तोच डाव मारताना दिसले, तर तिथे पैसे मोजायला मी तयार होते.

रूप आणि झुंज यांतलं अंतर किती असतं, त्याचं एक उदाहरण. उची माता म्हणजे समोरच्याच्या मांड्यांमध्ये पाय घालून वर झाडत टाकणं. त्याचा उचीकोमी, म्हणजे न टाकता नुसतं आत शिरण्याचा सराव, शिकवताना जवळजवळ सगळीकडे सांगतात की बाही धरलेला हात उंच ओढा, मनगट असं वळवा की जणू घड्याळात वेळ बघताय. आता मोठ्या स्पर्धांतल्या पंधरा-वीस उची माता सावकाश करून बघा. घड्याळ बघणारा हात क्वचित सापडतो. कुणी बाही खाली दाबतो, कुणी स्वतःच्या कमरेकडे गुंडाळतो, कुणाचा तोल तर एका पायावर उड्या मारत मारत शेवटी साधतो. मग शिकवलेलं चूक का? यावर आम्हा प्रशिक्षकांत भांडणं होतात आणि चहा गार होतो. माझं मत असं की तो उंच हात नवशिक्याला ओढायची सवय लागावी म्हणून ठीक आहे, पण जो शिकवणारा हा फरक आहे एवढंसुद्धा बोलत नाही, त्यानं स्वतः तपासलेलं नाही. त्याच्या बाकीच्या सांगण्यावर मी जरा जपून विश्वास ठेवते.

आता माझीच फजिती सांगते, कारण कॅमेऱ्याचा मुद्दा त्याशिवाय पटणार नाही. 1997 च्या सुमारास एका मैत्रिणीनं कुठून तरी कॉपी केलेली कॅसेट आणली. प्रिंट इतकी खराब की माणसं पावसात खेळतायत असं वाटावं. त्यात ताई ओतोशी होता. आम्हाला तो फार आवडला, कारण पाय झाडायचा नाही, कंबर लावायची नाही, नुसता पाय आडवा टाकायचा आणि हातांनी फिरवून समोरच्याला त्यावरून पाडायचं. हलक्या मुलींना सोयीचा. आम्ही तो महिनाभर घोटला. कॅसेटमध्ये तो एकाच बाजूनं, समोरून दाखवला होता, आणि समोरून बघताना तोरीचा आडवा पाय ताठ दिसतो. मीही ताठ ठेवला. एके दिवशी जोडीदारीण फिरून नीट पुढे न जाता बाजूनं माझ्या त्या ताठ पायावरच बसली. गुडघ्यात आतल्या बाजूला कट्ट झालं. तीन महिने घरी. राज्याची निवड चाचणी हुकली ती हुकलीच.

त्या डावात आडवा पाय ताठ ठेवायचाच नसतो. गुडघा किंचित वाकलेला, मॅटकडे वळलेला, टाच वर, वजन चवड्यावर. मग भार आला तर गुडघा खाली झुकतो, बाजूला मोडत नाही. कॅसेटमधल्या माणसाचा गुडघा बहुतेक बरोबरच असणार. कॅमेरा चुकीच्या जागी होता आणि ताठ दिसणाऱ्या त्या पायाबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता. तेव्हापासून मी कुठलाही शिकवणीचा व्हिडिओ बघताना मोजते की एकच डाव किमान दोन बाजूंनी दाखवलाय का. आणि नेमक्या शिरण्याच्या क्षणी कट मारलाय का. पकड घेतली, कट, माणूस आडवा, असं असेल तर पुढे बघत नाही. आपल्याला हवं होतं ते सगळं त्या कटमध्ये गेलं.

याच्या जोडीला मी एक वाक्य शोधते. बहुतेक शिकवणारे 'असं करा' म्हणतात. थोडे जण 'असं करू नका' म्हणतात. फार थोडे म्हणतात, "हे बिघडलं तर असं दिसेल, आणि मग हे करा." साडेसहा हजार मोजायचेत ना, ते या तिसऱ्यासाठी मोजा. ओसोतो गारीतच बघा. पाय झाडताना तुम्ही स्वतः मागे कललात तर समोरचा तोच पाय तुमच्यावर झाडतो, त्याला ओसोतो गाएशी म्हणतात. ज्यानं शेकडो मुलांना हा डाव शिकवलाय त्याला हे सांगावंच लागतं, कारण रोज संध्याकाळी त्याच्या मॅटवर हेच घडत असतं. जो सांगत नाही, तो कॅमेऱ्यासमोर जास्त आणि मॅटवर कमी उभा राहतो, असा माझा अंदाज. क्वचित चुकतो.

अंगकाठीचं म्हणाल तर तुम्ही वजन-उंची लिहिली नाही, पण हे स्वतःला विचारा. फ्रान्सचा टेडी रिनेर दोन मीटरहून उंच आहे. 2012, 2016 आणि 2024 अशा तीन ऑलिम्पिकमध्ये त्यानं हेवीवेट गटात सुवर्ण घेतलं. तो समोरच्याच्या मानेमागून कॉलर धरतो आणि वरून दाबत ओसोतो मारतो. मी पाच फूट एक इंच. तशी पकड घ्यायला गेले तर बगल उघडी पडते आणि पुढच्या क्षणी मीच छताकडे बघत असते. जपानचा शोहेई ओनो 73 किलोत खेळायचा, रिओ आणि तोक्यो दोन्हीकडे सुवर्ण, त्याचे ओसोतो आणि उची माता मध्यम बांध्याच्या माणसाला अभ्यासायला चांगले. बुटक्या माणसानं तोशिहिको कोगाचा सेओई नागे, म्हणजे पाठीवर घेऊन खांद्यावरून टाकण्याचा डाव, शोधून बघावा, 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचा विजेता, 71 किलो गट. पण त्याची शिरण्याची पद्धत त्याच्या खास ठेवणीची आहे, मुळाक्षरं पक्की नसताना ती उचलू नका. आपल्याकडच्या सुशीला देवी लिक्माबमच्या लढती माझ्या मुली बघतात. 48 किलो गट, 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. आपल्यासारख्याच उंचीची बाई लढताना दिसली की मुलींचा चेहरा वेगळाच होतो.

व्हिडिओ कधीचा आहे हेही बघत जा. 2010 पासून आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघानं पाय धरण्यावर बंधनं आणली आणि 2013 मध्ये उभ्यानं पाय धरणं पूर्ण बंद केलं. त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओंत दोन्ही पाय धरून पाडणारा मोरोते गारी किंवा पाय धरून खांद्यावर घेतलेला काता गुरुमा सर्रास दिसतो. डाव म्हणून ते चूक नाहीत. आपल्या कुस्तीत तर एकेरी पट, दुहेरी पट, म्हणजे एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणं, हेच मीठ-भाकरी. पण मोहोळ-करमाळ्याकडून तालमीत तयार झालेला मुलगा ज्युदोच्या स्पर्धेत उतरतो, सवयीनं पट काढतो आणि पंच दंड देतात, हे मी कितीदा बघितलंय. तुम्हाला स्पर्धा खेळायची नसेल तर काही बिघडत नाही. खेळायची असेल तर तारीख वाचा.

आता धोक्याचं, इथे मी थोडी कडक होणार. ओसोतो गारी पहिल्या महिन्यात शिकवतात म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. जपानमध्ये शाळांतल्या ज्युदोत डोक्याला मार बसून मुलं दगावल्याच्या घटनांवर मोठी चर्चा झाली, आणि त्यांत वारंवार येणारा डाव हाच. माणूस सरळ मागे पडतो, हनुवटी छातीशी नसेल तर डोकं आपटतं. तुमचं पडणं, म्हणजे उकेमी, दहा वर्षांपूर्वीचं आहे. तुमच्या जोडीदाराचं कदाचित नसेलच. ज्या व्हिडिओत शिकवणारा टाकल्यावर शेवटपर्यंत उकेची बाही वर ओढून धरतो, त्याला माझा नमस्कार. ज्यात टाकून हात सोडून देतात, त्याचे पुढचे भाग बघायची गरज नाही. पडणाऱ्याची काळजी न घेणाऱ्याकडून मी मुलांना काहीच शिकू देत नाही.

तुमच्या त्या संचाच्या यादीत पायाचे लॉक, म्हणजे सांधा अडकवून हार मानायला लावणाऱ्या पकडी, असल्याचं तुम्ही लिहिलंय. ज्युदोच्या स्पर्धेत फक्त कोपराच्या सांध्यावरचा लॉक चालतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये पायाचे असतात, पण तिथेही हील हूकसारखा लॉक त्यांच्या मोठ्या महासंघानं 2021 पासून, आणि तोही फक्त विना-गी, म्हणजे ज्युदोसारखा जाड अंगरखा न घालता खेळायच्या प्रकारात प्रौढ ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टना मोकळा केला. कारण साधं आहे. टाच पिळली की ताण गुडघ्यावर जातो, आणि दुखायला लागेपर्यंत आतलं तुटलेलं असतं. कोपराच्या लॉकमध्ये आधी दुखतं, मग तुटतं, मधे हार मानल्याची थाप मारायला वेळ मिळतो. हा भाग घरी करायचा नाही. पैसे भरलेत म्हणूनसुद्धा नाही.

चाकू हिसकावण्याच्या व्हिडिओंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण मोबाईल तुम्हाला ते दाखवणारच. त्यात हल्लेखोर एकदा हात पुढे करतो आणि पुतळ्यासारखा तसाच ठेवतो. घरी एक प्रयोग करा. पांढरा बनियन घाला, भावाला लाल मार्कर द्या आणि म्हणा, मनासारखं भोसक. मग व्हिडिओतली युक्ती वापरा. अर्ध्या मिनिटानं आरशात बघा. आमच्याकडे एका धडधाकट मुलानं हे केलं तेव्हा त्याची आई बनियन धुताना विचारत होती, रंगपंचमी कधी झाली?

रील आणि शॉर्ट्स यांच्यावर जास्त लिहीत नाही. डावाची नावं कळायला बऱ्या.

इथवरचं थोडक्यात: आवाज बंद करून पडणाऱ्याच्या टाचेकडे आणि मोकळ्या हाताकडे बघा, दावा काय आहे ते ऐका आणि त्याच तोलाचा पुरावा मागा, दोन बाजूंनी दाखवलंय का ते मोजा, बिघडल्यावर काय करायचं हे सांगणाऱ्याला जास्त गुण द्या. एखाद्या व्हिडिओत यातलं सगळं नसेल. पडणाऱ्याला सांभाळणं मात्र हवंच, त्यावर तडजोड नाही.

आता तुमचं घर. जोडीदार नसेल तर संच घेऊ नका. माझं उत्तर इतकं सरळ आहे. टाकण्याचा डाव एकट्यानं शिकता येत नाही, कारण डाव दुसऱ्याच्या तोलात असतो आणि तो दुसरा समोर नसतो. एकट्यानं सायकलची जुनी ट्यूब गच्चीवरच्या खांबाला बांधून उचीकोमी करता येतो. पाय वळवणं, कंबर खाली नेणं, दम वाढवणं, एवढं त्यातून मिळतं. त्यासाठी कोदोकानचे फुकटचे व्हिडिओ पुरून उरतील. शिवाय ट्यूबचा एक धोका आहे. ती नेहमी एकसारखी मागे ओढते, माणूस तसा ओढत नाही, त्यामुळे मागे रेलायची खोड लागते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी माणसाला धरा.

जोडीदार असेल तर जागा बघा. आपल्या सोलापुरात निम्म्या घरांत शहाबादी फरशी. तिच्यावर पडायचा विचारसुद्धा करू नका. आणि हसू नका, पण माझ्याकडे आलेल्या दोन भावांनी चार चादरी एकावर एक अंथरून त्यावर ओसोतो मारला होता. चादर आपली कितीही नामांकित असली तरी फरशीवर ती सरकते, आणि सरकली की पडणारा पाठीवर पडायचा तो कोपरावर पडतो. एकाच्या हाताला पट्टी बांधूनच ते क्लासला आले. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या मिळतात, किमान चाळीस मिलिमीटर जाडीच्या घ्या. त्यांवर गुडघ्यावरून, उकिडवं बसून पडण्याचा सराव करा, जमिनीवरच्या पकडी करा. उभ्यानं पूर्ण टाकणं तरीही नको. ते नीट मॅटवर किंवा मातीत.

मातीवरून आठवलं. तुमची क्लासची वेळ जमत नाही म्हणता, पण शहरात पेठापेठांत तालमी आहेत आणि त्या पहाटे उघडतात. दुपारच्या शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही पहाटे जाऊ शकता. ज्युदो नाही, पण तेल, ताक, हळद मुरवलेल्या लाल मातीत पडायला मिळेल, आणि समोरचा मनापासून झगडेल. महिन्यातून सहा-आठ दिवस जरी खडाखडी केलीत तरी व्हिडिओ बघायची तुमची नजर बदलेल. लंगोट घालायची लाज वाटत असेल तर हाफ पँट चालते का ते वस्तादांना आधी विचारा. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी बोलणी बसतात. वस्तादांना पाया पडून सांगा की ज्युदोसाठी शिकायचंय, बहुतेक जण खूश होतात.

अपवादही सांगते, म्हणजे मी एकतर्फी बोलतेय असं वाटायला नको. मंगळवेढ्याकडच्या दोन बहिणी अशाच आल्या होत्या. दोन वर्षं जवळपास सगळं व्हिडिओवरून शिकलेल्या. मी मनात म्हटलं, आता यांच्या खोडी काढता काढता वर्ष जाणार. मॅटवर उतरल्या आणि मी गप्प झाले. पकडीसाठी भांडत होत्या, एकमेकींना सोडत नव्हत्या, पडणं स्वच्छ. चौकशी केली तर कळलं, वडील जुने पैलवान, वावरात मऊ माती ओढून जागा केलेली, आणि एका हंगामात एकच डाव, असा त्यांचा नियम. एका मुलाचं मात्र उलटं झालं होतं. तीसेक डावांची जपानी नावं त्याला तोंडपाठ, पण पहिल्याच रांदोरीत तोल गेल्यावर त्यानं हात मागे टेकवला. नशीब, मनगट नुसतं मुरगळलं. व्हिडिओ दोघांचेही बहुधा तेच असतील.

त्या साडेसहा हजारांचं मग असं करा. आधी त्या प्रशिक्षकाचे फुकट असलेले दहा-पंधरा व्हिडिओ वर सांगितलेल्या नजरेनं बघा. संचाची यादी वाचा. आठ तासांत चाळीस डाव असतील तर प्रत्येकाला बारा मिनिटं, म्हणजे तो मेन्यू कार्ड आहे. आठ तासांत तीन-चार डाव, त्यांच्या पकडी, त्यांना मिळणारी उत्तरं आणि त्या उत्तरांवरची उत्तरं असतील तर विचार करण्यासारखं. घाई करू नका, या संचांवर 'आज शेवटचा दिवस' असा सेल बाराही महिने चालू असतो, चादरीच्या दुकानासारखा. आणि घ्यायच्या आधी एक परीक्षा घ्या. फुकटच्या एकाच व्हिडिओतला एकच डाव निवडा. दहा मिनिटं बघा, मोबाईल उलटा ठेवा आणि वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा: माझे हात कुठे, माझे पाय कुठे, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर. तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेकांचं पेन थांबतं. थांबलं तर परत बघा. तीनदा बघूनही लिहिता येत नसेल तर त्या माणसाचं शिकवणं तुमच्या कामाचं नाही, मग तो विश्वविजेता असो. लिहिता आलं तर सहा आठवडे तोच डाव करा. सहा आठवड्यांनी अजून त्याच डावाबद्दल प्रश्न पडत असतील तर खुशाल संच घ्या, पैसे वसूल होतील.

आणि त्या सहा आठवड्यांत दर रविवारी स्वतःचा व्हिडिओ काढा. मोबाईल जमिनीवर टेकवून ठेवू नका, नुसते पाय दिसतात. कमरेच्या उंचीवर, आधी बाजूनं आणि मग मागून. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका, एप्रिल-मेमध्ये नऊनंतर आपल्याकडे फोमची लादीसुद्धा पायाला चटके देते. तो व्हिडिओ मला पाठवलात तर मी बघेन. जोडीदाराचे पाय चौकटीत येतील एवढं बघा, तुमचा चेहरा नाही आला तरी चालेल.